ऑक्सिजन संवेदक नेमके काय मोजतो?

‘ऑक्सिजन संवेदक इंजिनातील हवा आणि पेट्रोल यांचे गुणोत्तर मोजतो’ हे वाक्य मोटारीविषयीच्या सोप्या लेखांत वारंवार आढळते. वाक्य सुटसुटीत आहे, पाठ करायलाही सोपे आहे. परंतु ते बरोबर नाही. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. इंजिनाचा नियंत्रक संगणक स्वतः जुळवू पाहणारा माणूस या वाक्यावर विसंबून राहिला, तर त्याच्या इंजिनाचा पिस्टन वितळू शकतो.

प्रथम संवेदकाची रचना पाहू. बॉश कंपनीने विकसित केलेला हा संवेदक १९७६ साली व्होल्वोच्या मोटारीत प्रथम आला. त्यात झिर्कोनियाची एक पोकळ टोपी असते व तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा सच्छिद्र लेप असतो. आतल्या बाजूस मोकळी हवा असते, बाहेरच्या बाजूस इंजिनातून बाहेर पडणारे वायू. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन बाजूंमध्ये विभवांतर निर्माण होते. नर्न्स्टच्या समीकरणानुसार हे विभवांतर केल्विन तापमानाच्या, तसेच दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या आंशिक दाबांच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात असते.

आता थोडे गणित करू. तापमान ८०० केल्विन आहे आणि निकास वायूत २ टक्के ऑक्सिजन आहे असे मानले, तर विभवांतर सुमारे ४० मिलिव्होल्ट येते. ऑक्सिजन निम्मा, म्हणजे १ टक्का झाला, तरी ते जेमतेम ५२ मिलिव्होल्ट होते. पेट्रोल जरा जास्त झाले की मात्र प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्याशी संयोग पावतो. तेथील ऑक्सिजनचा आंशिक दाब एकावर वीस शून्ये इतक्या पटींनी घसरतो आणि विभवांतर एकदम ०.८ ते ०.९ व्होल्टवर उडी घेते. म्हणजे हा संवेदक एकाच प्रश्नाचे उत्तर देतो : ऑक्सिजन उरला आहे की नाही?

उत्प्रेरक परिवर्तकासाठी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी, एवढे उत्तर पुरते. त्याला १ किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा, म्हणजेच ‘लॅम्डा बरोबर १’ ही स्थिती हवी असते. संगणक पेट्रोल किंचित कमी-जास्त करीत या उडीच्या अल्याडपल्याड राहतो. २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर आपल्याकडील नव्या स्कूटरींतही हा संवेदक आला. तेव्हा विषय विद्यार्थ्यांच्या दारापर्यंत पोचलेला आहे.

अडचण सुरू होते ती मूळ संगणक काढून दुसरा बसवताना. अमेरिकेत बाउलिंग व ग्रिप्पो या दोघांनी तयार केलेला ‘मेगास्क्वर्ट’ हा असाच, हौशी मंडळींनी स्वतः जोडायचा संगणक. अशा संगणकात इंजिनाची गती व भार यांनुसार पेट्रोल किती द्यायचे, याचा तक्ता मालकालाच भरावा लागतो. अनेकांनी त्यासाठी हा ‘हो-नाही’ संवेदक वापरला आणि ‘०.८५ व्होल्ट आले की पूर्ण शक्तीचे मिश्रण जमले’ असा ठोकताळा धरला. तो सदोष आहे. पूर्ण भाराला लॅम्डा साधारण ०.८५ ते ०.९ लागतो, पण त्या भागात विभवांतराची रेषा जवळजवळ सपाट असते. मिश्रण तेच असले तरी संवेदकाचे तापमान बदलले की आकडा बदलतो. लॅम्डा ०.९७ असतानाही ०.८५ व्होल्ट दिसू शकतात. मोठ्या भाराखाली इतक्या कमी पेट्रोलवर चाललेले इंजिन भलतेच तापते.

यावर उपाय म्हणून रुंद पल्ल्याचे संवेदक आले. त्यांत झिर्कोनियाचा दुसरा घट पंपासारखा ऑक्सिजन आत-बाहेर करतो आणि मोजण्याच्या घटावर ०.४५ व्होल्ट कायम राखण्यासाठी लागणारी विद्युतधारा मोजली जाते. हे उत्तम उपकरण आहे. तरीही ‘गुणोत्तर मोजतो’ हे वाक्य त्यालाही लागू पडत नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली, तर न जळालेला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर पडतो. संवेदक सांगतो, ‘पेट्रोल कमी आहे.’ संगणक आणखी पेट्रोल ओततो. पेट्रोल जास्त झाल्यामुळेच ठिणगी वाया जात असेल, तर दुखणे वाढतच जाते. निकास नळीच्या फटीतून आत शिरलेली हवाही अशीच फसवते.

दुसरा मुद्दा इंधनाचा. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला १ किलोमागे सुमारे १३.५ किलो हवाच पुरते. संवेदकाला कळतो तो लॅम्डा, काट्यावरचा ‘१४.७’ हा त्याला शुद्ध पेट्रोलच्या आकड्याने गुणून दाखवलेला असतो. त्यामुळे या इंधनावरही काटा १४.७ च दाखवतो. तिसरा मुद्दा तारांचा. ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० गुणोत्तर असे ठरवले असेल आणि संवेदकाची व संगणकाची अर्थिंग वेगवेगळ्या जागी असल्याने ०.१ व्होल्टचा फरक पडला, तर गुणोत्तर ०.२ ने चुकते. हे उदाहरण नववीच्या वर्गातही सोडवता येईल.

कारखान्यातून येणाऱ्या मोटारीत संगणक ठिणगी चुकल्याची खूण इंजिनाच्या गतीतील चढउतारांवरून वेगळी तपासतो. स्वतः बसवलेल्या संगणकात ही शहानिशा बहुधा मालकावर पडते. संवेदकाच्या आकड्यानुसार तक्ता आपोआप दुरुस्त करण्याची सोय वापरावी. पण दुरुस्तीला मर्यादा घालावी आणि आधी ठिणगी, नळी व तारा तपासाव्यात.

शिक्षकांनी वर्गात ते सुटसुटीत वाक्य टाळून असे सांगावे : ‘संवेदक निकास वायूतील ऑक्सिजनला प्रतिसाद देतो, ज्वलन नीट झाले आहे, नळीला फट नाही आणि इंधन कोणते ते माहीत आहे, असे असेल तरच त्यावरून गुणोत्तर काढता येते.’ वाक्य लांबले खरे. पण विद्यार्थ्याला तपासायच्या तीन गोष्टी त्यातच मिळतात.