बशीतल्या पेशी आणि वाहते रक्त

प्रकाशाने कार्य करणाऱ्या औषधांविषयी लिहिताना आपण एक सोपे चित्र काढतो. औषध कर्करोगाच्या पेशीत साठते, लाल प्रकाश पडला की तेथील ऑक्सिजन उग्र रूप घेतो आणि पेशी मरते. फळ्यावर काढायला हे सोयीचे आहे; आम्हीही काढतो. पण त्यातून अर्धी गोष्ट निसटते.

1985 साली हेंडरसन, डॉहर्टी आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधील गाठींवर हा उपचार केला. गाठ लगेच काढून तिच्या पेशी बाहेर वाढवल्या, तर त्या बहुतांशी जिवंत! गाठ काही तास अंगातच राहू दिली, तेव्हा मात्र त्या मरत गेल्या. म्हणजे घाव रक्तपुरवठ्यावरही बसला होता.

मग रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींकडे वळणे ओघानेच आले. माणसाच्या अशा पेशींवर 1991 मध्ये फॉस्टर, स्पोर्न प्रभृतींनी फोटोफ्रिन व प्रकाश यांचा प्रयोग केला. रक्त गोठण्यास मदत करणारा फॉन विलब्रँड घटक पेशींतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी दिसले, की पेशीचा आकार सांभाळणाऱ्या सूक्ष्मनलिका विस्कटतात. फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी आक्रसल्या, की मध्ये फटी पडणार. वाहिनीत अशी फट पडली तर खालचा थर उघडा पडेल आणि रक्तबिंबिका तेथे चिकटतील.

'पडेल', 'चिकटतील' असेच आम्ही म्हणतो, कारण बशीत ना रक्तबिंबिका, ना प्रवाह. गुठळी हे तेथे अनुमान आहे, निरीक्षण नव्हे. शिवाय बशीतल्या पातळ थराला हवेतून भरपूर ऑक्सिजन मिळतो. गाठीत तो उपचारादरम्यानच संपू शकतो. द्रावणात रक्तद्रव किती, यावरही पेशी किती औषध घेते हे बदलते. हे न सांगता 'प्रयोगशाळेत सिद्ध झाले' असे लिहिणे आम्हांला घाईचे वाटते. बशीचा गुण वेगळाच: कोणत्या पेशीने काय केले, हे तीच सुटे करून दाखवते.

डोळ्यात ही वाहिन्यांवरची मारकता हेतुतः वापरली गेली. व्हर्टेपॉर्फिन शिरेतून द्यायला सुरुवात केल्यावर 15 मिनिटांनी, 689 नॅनोमीटरचा प्रकाश 83 सेकंद. दृष्टिपटलाखालच्या नव्या, गळक्या वाहिन्या बंद होत. पण पुष्कळदा पुन्हा उघडत, आणि दर तीन महिन्यांनी तपासून उपचार परत करावा लागे.