साभार : व्हॉट्सअ‍ॅप

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे फिरतं, ते लेखन म्हणून कुणी वाचत नाही. वाचायला हवं. आजचा परिपाठ, जोडाक्षर नसलेल्या शब्दांचं वाचनकार्ड, हातच्याच्या वजाबाकीची पीडीएफ, एखादी बोधकथा, मधूनच 'लिंक आज पाचपर्यंत भरावी'. आणि लेखकाच्या जागी बहुतेकदा एकच नाव : 'साभार : व्हॉट्सअ‍ॅप'.

हे चेष्टेने म्हणत नाहीये. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्याच सुमारास खेडोपाडीच्या शिक्षकांच्या हातात स्मार्टफोन आले आणि 'अ‍ॅक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र'सारखी शिक्षकांची स्वतःची जाळी उभी राहिली. दोनशिक्षकी शाळेवरच्या माणसाला एरवी शंका विचारायला महिन्याच्या शिक्षण परिषदेपर्यंत थांबावं लागायचं. आता तो रात्री जेवण झाल्यावर विचारू शकतो. ही लहान गोष्ट नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या जाळ्यातून तयार वस्तू फिरते. ती कुणी, कोणत्या मुलांसाठी, किती वेळा चुकून बनवली, ते मागेच राहतं.

याचा तोटा कुठे होतो, ते पाहायचं तर गोंदियाला जावं लागेल. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसरीकडे छत्तीसगड. तिरोडा-गोरेगावकडे कितीतरी घरांत पोवारी, सालेकसा-देवरीकडे गोंडी, बाकी झाडीबोली, आणि बाजारात हिंदी. गोंडी तर द्राविडी कुळातली भाषा. ती बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलीला मराठी भेटते ती शाळेतच.

आता समजा, पश्चिम महाराष्ट्रात कुणीतरी मनापासून बनवलेलं एक वाचनकार्ड इथे पोचलं. चित्र भातशेतीचं, खाली शब्द : खाचर, लावणी. इथे खाचराला बांधी म्हणतात, लावणीला रोवणी, रोपांना पऱ्हे. पावसाळ्यात घरची माणसं रोवणीला जातात, मुलांनी चिखलात पाय बुडवलेले असतात. शेती त्यांना शिकवायची गरज नाही. पण कार्डासमोर तीच मुलं गप्प बसतात आणि तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'वाचन कच्चे' अशी नोंद होते. चांगली शिक्षिका काय करेल? पेनने 'खाचर' खोडून वर 'बांधी' लिहील. माझ्या मते त्या कार्डावरचं सगळ्यात मोलाचं लेखन ते एवढंच. पण खोडाखोड केलेली ती प्रत ग्रुपवर परत जात नाही.

का जात नाही? ग्रुपची भाषाच तशी घडली आहे. 'खूप छान सर', 'प्रेरणादायी मॅडम', जोडलेले हात. यात 'आमच्याकडे हे चाललं नाही' हे वाक्य कुठे बसवणार? ते उद्धट वाटतं. शिवाय ग्रुपवर साहेबही असतात. त्यांच्यासमोर आपला वर्ग अडखळला हे कोण लिहील? आणि लिहायचंच म्हटलं तर कुणाला उद्देशून? साभार व्हॉट्सअ‍ॅपला?

रणजितसिंह डिसले यांचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या या शिक्षकाला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुरस्कार देणाऱ्यांनी त्यांच्या कामाची जी गोष्ट सांगितली तिच्यात दोन टप्पे होते. आधी मुलांच्या घरची भाषा, कन्नड, शिकून पुस्तकं तिच्यात नेणं. मग त्या पुस्तकांवर क्यूआर कोड. राज्यभर काय गेलं? कोड. आज पाठ्यपुस्तक उघडलं की तो दिसतो, स्कॅन केला की 'दीक्षा' उघडतं. पहिला टप्पा मात्र फॉरवर्ड होण्यासारखा नव्हता. परक्या भाषेची पीडीएफ मिळेल, पण ती शिकायला गावातच बसावं लागतं.

शिक्षकांसाठीचं लेखन पूर्वी असं बिननावी नव्हतं. १८६८ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर 'शालापत्रक' या मासिकाचं संपादन करत होते. मासिक शिक्षणखात्याचं आणि वाचक शिक्षक. तरीही त्यांनी त्यात संस्कृत कवींवर सविस्तर लिहिलं, सरकार आणि मिशनऱ्यांवर टीकाही केली. त्यांची मतं आज सगळी पटणार नाहीत, मला तर बरीचशी पटत नाहीत. पण मत कुणाचं हे माहीत होतं, म्हणून वाद घालता येत होता. १८७५ मध्ये सरकारने ते बंद केलं.

आता इतकं करावं लागत नाही. अ‍ॅडमिनने सेटिंगमध्ये जाऊन एक बटण दाबलं की ग्रुपच्या तळाशी ओळ येते : फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात. परिपाठ, पीडीएफ, लिंक नेहमीसारखं येत राहतं. सालेकशाच्या शाळेत खोडलेलं 'खाचर' आणि त्यावर लिहिलेली 'बांधी' कपाटात पडून असते.