चुका दाखवणारे पुष्कळ, शिकवणारे थोडे

सायखेड्याच्या बाजारातला कांद्याचा लिलाव पाहा. व्यापारी ट्रॉलीतले चार कांदे हातात घेऊन पाहतो, बोली होते आणि काही मिनिटांत भाव ठरतो. तो कमी का लागला, हे शेतकऱ्याला सहसा कोणी समजावत नाही. व्यापाऱ्याचे ते कामही नव्हे. पण माणूस घडवायचा असेल, तर ही रीत पुरत नाही.

लिनक्सचे वितरण म्हणजे संगणकाची मूळ प्रणाली आणि तिच्यावर चालणारे हजारो कार्यक्रम यांचा जुळवलेला संच. १९९३ साली सुरू झालेले ‘डेबियन’ हे वितरण स्वयंसेवक चालवतात. त्यात प्रत्येक कार्यक्रमाचे ‘पॅकेज’ बांधावे लागते. मराठी अक्षरे दाखवणारा लोहित टंकही असेच एक पॅकेज होऊन येतो. नवख्याने आपले पॅकेज ‘मेंटर्स’ या व्यवस्थेत ठेवायचे. अधिकृत सदस्य ते तपासून आपल्या सहीनिशी पुढे पाठवतो. पॅकेज नवे असेल तर दुसरा गट त्याचा परवानाही तपासतो.

ही चाळणी हवीच. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फायली आकुंचित करणाऱ्या साधनात चोरवाट सापडली. ती घालणाऱ्याने दोनेक वर्षे मदत करून, थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. चोरवाट डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंत पोचली होती.

दोष आहे तो दुसरीकडे. मेंटर म्हणजे मार्गदर्शक. पण विनंतीला उत्तर देण्याचे बंधन कोणावरच नाही. कधी चुकांची यादी येते, कधी काहीच येत नाही. ‘लिंटियन’ हा तपासनीस कार्यक्रम नियमभंग दाखवतो, पण हे पॅकेज कोणाच्या उपयोगाचे आणि पुढे कोण सांभाळणार, हे माणसालाच विचारावे लागते.

नवख्याने आधी एखाद्या गटात शिरून जुन्या पॅकेजमधली चूक दुरुस्त करावी, हा डेबियनचा सल्ला उत्तम आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये ‘फेडोरा’ या दुसऱ्या वितरणाचा मेळावा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरला होता. अशा ठिकाणी जाणकाराला शेजारी बसून विचारता येते. सायखेड्यातल्या मुलाला मात्र लेखी उत्तराचाच आधार. म्हणून प्रत्येक नकारासोबत एक कारण आणि एक पुढची पायरी लिहावी. सवड नसेल तर तेवढे तरी कळवावे.

वहीवर नुसती फुली मारून मूल शिकत नाही, हे शिक्षकांना सांगायला नको. आज शिकवलेला नवखाच उद्या थकलेल्या तपासनिसाचा भार उचलणार आहे.