हितसंबंधी की हकदार? कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या भाषेची समीक्षा

इंग्रजीतील 'स्टेकहोल्डर' या संज्ञेला मराठीत अद्याप स्थिर प्रतिशब्द मिळालेला नाही. कोठे 'हितधारक' येतो, कोठे 'हितसंबंधी', आणि घाईने केलेल्या अनुवादात चक्क 'भागधारक'. भागधारक म्हणजे कंपनीचे समभाग बाळगणारा. खाणीच्या कडेला ज्याचे शेत आहे त्याला भागधारक म्हणणे ही नुसती शब्दाची चूक नव्हे. जो हक्क त्याला नाही तो त्याच्या नावे दाखवला जातो आणि जो आहे तो झाकला जातो. उर्दूत 'फरीक' हा शब्द चालतो, पण त्याला कोर्टकचेरीचा वास आहे. मराठी आणि दख्खनी या दोहोंत रुळलेला 'हकदार' मात्र कंपन्यांच्या अहवालांत दिसत नाही. हकदार म्हटले की समोरच्याचे काही देणे लागते, हे मान्य करावे लागते.

वांकिडी येथून पाहिले असता हा शब्दांचा प्रश्न किती व्यावहारिक आहे ते ध्यानात येते. पूर्वीच्या आदिलाबाद आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील हे मंडळाचे गाव राजुरा-आसिफाबाद रस्त्यावर आहे. एका अंगाला गोलेटी परिसरातील सिंगरेणीच्या कोळसा खाणी आणि कागजनगरची पेपर मिल, तर सीमेपलीकडे राजुरा-कोरपना भागातील कोळसा व सिमेंट. मधल्या पट्ट्यात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू बोलणारी माणसे शेजारी शेजारी राहतात. 'स्थानिक भाषा' हा एकवचनी प्रयोग येथे लागूच पडत नाही.

१४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना जनसुनावणीचे नियम घालून देते. किमान ३० दिवसांची सूचना, उपस्थित प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची संधी, शेवटी इतिवृत्ताचा सारांश लोकांच्या भाषेत समजावून वाचणे, हे सारे तीत आहे. हे नियम कागदावर वाईट नाहीत. पण लोकांनी मांडलेले मुद्दे आणि कंपनीची उत्तरे यांचे निवेदन 'स्थानिक किंवा राज्याच्या राजभाषेत' तयार करावे, असे ती म्हणते. या 'किंवा'ने सगळा घात केला आहे. तेलुगूत कागद झाला की नियम पाळला गेला; गोंड, कोलाम किंवा मराठी कुणब्याला तो कळला की नाही, हे कोणी विचारावयाचे नाही. उर्दूला २०१७ पासून तेलंगणात दुसऱ्या राजभाषेचा दर्जा आहे, गोंडी तर आठव्या अनुसूचीतही नाही. तेव्हा या प्रश्नात केवळ उर्दूची बाजू मांडून भागणार नाही. सुनावणीला गणसंख्येचीही अट नाही. मूठभर लोक आले तरी ती झालीच.

दुसरा दस्तऐवज सेबीचा. २०२१ मध्ये ठरवलेला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीचा झालेला व्यवसाय उत्तरदायित्व अहवाल. त्यातील चौथे तत्त्व संबंधित घटकांशी संवादाचे आहे. तक्त्यात गटाचे नाव, तो दुर्बल वा वंचित आहे का, संपर्काचे साधन, संपर्काची वारंवारता आणि संवादाचा हेतू, असे रकाने आहेत. ईमेल, एसएमएस, पत्रक, ग्रामसभा, सूचनाफलक, सारे विचारले आहे. कोणत्या भाषेत बोलणे झाले, हा रकाना नाही. लोकांच्या सांगण्यावरून कंपनीने कोणता निर्णय बदलला, हेही तक्ता विचारत नाही. स्वतंत्र प्रश्नांत ते येते, पण तेथे कंपनी आपल्याच शब्दांत आपले कौतुक लिहू शकते. शिवाय सिंगरेणी तेलंगण सरकार (५१ टक्के) आणि केंद्र सरकार (४९ टक्के) यांच्या मालकीची, शेअर बाजारात न नोंदलेली कंपनी असल्याने तिला हा तक्ता बंधनकारकच नाही.

पैशाकडे पाहू. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ एका अर्थाने निसाब ठरवते: ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा. त्यावर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावयाचे. जकातीशी तुलना सहज सुचते, पण ती फार ताणू नये. जकात हा घेणाऱ्याचा हक्क समजला जातो, देणाऱ्याचा उपकार नव्हे. कलम १३५ परिसराला प्राधान्य द्यावयास सांगते, परंतु खर्च कशावर करावा हे संचालक मंडळ ठरवते. परिसरातल्या लोकांना विचारण्याचे बंधन नाही. म्हणूनच शाळेला रंग मिळतो आणि पाण्याचा प्रश्न तसाच राहतो. याउलट १९९७ च्या समता निकालात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रातील खाणींच्या संदर्भात निव्वळ नफ्याच्या किमान २० टक्के रक्कम पाणी, शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी कायम निधी म्हणून राखण्याचे सांगितले होते, आणि वनीकरणाचा खर्च त्यात धरावयाचा नव्हता. आदिलाबादचे अनुसूचित क्षेत्र तेव्हा आंध्रातच होते. २० वरून २ वर आलेल्या या प्रवासाची चर्चा सामाजिक उत्तरदायित्वाच्या परिसंवादांत क्वचितच होते.

कागजनगरचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. निजामी काळात १९३८ मध्ये स्थापन झालेली सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडली आणि २०१८ मध्ये दिवाळखोरी संहितेच्या मार्गाने जेके पेपरकडे गेली. गावाचे नावच ज्या कारखान्यावरून पडले, त्याच्या भवितव्यावर मतदान झाले ते वित्तीय कर्जदात्यांच्या समितीत. कामगारांना त्या समितीत मत नव्हते.

लोकांच्या उत्तराला वजन येते तेव्हा काय घडते, हे ओडिशातील नियमगिरीने दाखवले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाने जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या निरीक्षकासमोर बारा ग्रामसभा झाल्या, बाराही ठिकाणी बॉक्साइट खाणीला नकार मिळाला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. तेथील डोंगरिया कोंध कुवी बोलतात.

आसिफाबाद, कागजनगर, राजुरा येथील महाविद्यालयांत या पाचही भाषांपैकी दोन-तीन जाणणारी मुले एकाच वर्गात बसतात. जनसुनावणीपूर्वी प्रकल्पाचा सारांश अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहावयास ठेवलेला असतो, आणि हाताशी ३० दिवस असतात. भाषा विभागांनी तो अहवाल मराठी, उर्दू आणि गोंडीत उतरवून सुनावणीच्या गावी वाचून दाखवण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.