‘याड लागलं’ आणि लग्नातला बँड

‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड झालं, हे २०१६पासून आपण इतक्यांदा अभिमानाने सांगितलंय की ‘याड लागलं’ नीट ऐकायचं राहूनच गेलं. मला ते ऐकू आलं वसईतल्या एका लग्नात. बँडवाला क्लॅरिनेटवर अजय गोगावलेंची ओळ वाजवत होता. शब्द नाहीत, व्हायोलिनांचा ताफा तर नाहीच. तरी चाल उभी होती. श्वासही गायक घेतो तिथेच तुटत होता.

परतताना विरार लोकलमध्ये मूळ गाणं लावलं. अजय-अतुल आवाजामागे भिंतच बांधतात, ही माझी जुनी तक्रार. पण परशा मासेमारी करणाऱ्याचा पोरगा. त्याच्या प्रेमाला अख्खी सिम्फनी द्यायची, हा नुसता थाट नाही. एरवी त्याला इतकं कोण देतं? इथे तक्रार अर्धी मागे घेतो.

अर्धीच. एखादं कडवं फक्त फुंकून वाजवायची वाद्यं आणि अजयचा आवाज, एवढ्यावर सोडायला हवं होतं. त्या क्लॅरिनेटवाल्याने सोडलं होतं, घामाघूम होत. शब्द आम्ही वऱ्हाडी म्हणत होतो, बेसूर.