राक्षस राहिला, कारण गेले

परदेशी राक्षसपट उमरग्याच्या मुलांना आता नवे नाहीत. १९९४ साली 'जुरासिक पार्क' हिंदीत आला आणि पुढे असे चित्रपट हिंदीतून पाहण्याची सवयच पडली. प्राण्याच्या डरकाळीचे भाषांतर करावे लागत नाही. माणसांच्या बोलण्याचे करावे लागते. विज्ञान शिक्षकाने कान द्यावा तो नेमका तेथे.

या कामाची रीत अशी. संगीत व इतर आवाज तसेच ठेवून फक्त संवाद नव्या भाषेत भरतात. प, ब, म ही ओष्ठ्य व्यंजने उच्चारताना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटले की नव्या संवादातही शक्यतो तसाच वर्ण हवा, आणि वाक्यही तेवढ्याच वेळात संपायला हवे. शास्त्रज्ञाचे सविस्तर स्पष्टीकरण या मापात बसवणे अवघडच. पण केवळ ओठांना दोष देऊन भागणार नाही. कात्रीही तितकीच कारणीभूत असते.

'गोजिरा' म्हणजेच गॉडझिलाचे उदाहरण घेऊ. इशिरो होंडा यांचा हा जपानी चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती. तिची किरणोत्सारी राख 'लकी ड्रॅगन' या जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर पडली. त्यांतील एक जण सप्टेंबरमध्ये मरण पावला. मूळ चित्रपट पाहणाऱ्यांच्या मनात हे ताजे होते.

१९५६ साली अमेरिकेत आलेल्या आवृत्तीत रेमंड बर हा नट अमेरिकन वार्ताहर म्हणून घुसवण्यात आला. ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांचा झाला. नवी दृश्ये धरली तर मूळचा कापलेला भाग १६ मिनिटांहून बराच जास्त भरतो. दूषित मासे आणि नागासाकी यांविषयी बोलणारे आगगाडीतील प्रवासी गेले. हायड्रोजन बॉम्बचा उल्लेख उरला, पण चाचण्या चालूच राहिल्या तर असा दुसरा प्राणी येईल, हा डॉ. यामाने यांचा शेवटचा इशारा गेला. त्याऐवजी संकट टळल्याचा दिलासा आला. म्हणजे राक्षस राहिला आणि माणसाची जबाबदारी तेवढी गळाली.

दुसऱ्या चित्रपटाच्या १९५९च्या अमेरिकन आवृत्तीत तर गॉडझिलाचे नाव बदलून 'जायगँटिस' केले आणि आग ओकणाऱ्या प्रागैतिहासिक प्राण्यांचे खोटे 'विज्ञान' पदरचे घातले. कापण्यापेक्षा हे अधिक वाईट, कारण ते शास्त्रज्ञाच्या तोंडून येते.

मूळ चित्रपटही निर्दोष नाही. त्यात जुरासिक काळ २० लाख वर्षांपूर्वीचा सांगितला आहे. उमरग्याच्या शाळेबाहेरचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि जुरासिक काळ त्याच्याही आधी, १४ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी संपलेला! ही चूक आठवीचा विद्यार्थीही पकडू शकेल.

एवढा खल कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या तालुक्याला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. सुमारे १०,००० माणसे गेली. भूकंप थोपवता येत नाही. पण मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांमुळे माणसे दगावली, हे कळले की घर वेगळे बांधता येते. कारण कापून टाकले तर हाती केवळ भीती उरते, आणि भीतीने घर मजबूत होत नाही.

म्हणून मुलांना असे चित्रपट पाहू नका, असे आम्ही सांगणार नाही. ते जरूर पाहावेत. दुसऱ्या दिवशी वर्गात तीनच प्रश्न विचारावेत: हा प्राणी का आला? ते कारण चित्रपटात कोणी सांगितले? त्याला पुरावा काय? पहिल्याच प्रश्नाशी वर्ग अडला, तर चित्रपटातून काय कापले गेले असेल याचा अंदाज मुलांनाच करू द्यावा. तोही विज्ञानाचाच तास आहे.