शजरा आणि दाव्याचे कागद

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा आपण बहुधा कविता, कथा आणि आत्मकथन यांच्यापुरती करतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून या प्रकारांवर बरेच लिहिले-बोलले गेले आहे. पण आपल्या घराघरांत पोहोचणारा एक लेखनप्रकार समीक्षेच्या नजरेतून सुटला. तो म्हणजे घराण्याचा इतिहास. एखादे निवृत्त मास्तर किंवा जमातीचे सेक्रेटरी तो लिहितात, पदरमोड करून छापतात आणि लग्नकार्यात वाटतात. त्याला साहित्य म्हणायचे की नाही हा वाद बाजूला ठेवू. तो वाचला जातो, जपला जातो आणि पुढची पिढी त्यालाच खरे मानते. म्हणून त्याची चिकित्सा व्हायला हवी.

या पुस्तिकांचा साचा ठरलेला असतो. अरबस्तानातून गलबत येते, एक बुजुर्ग किनाऱ्यावर उतरतात, त्यांना काझीपद किंवा इनाम मिळते. मग शजरा सुरू होतो : अमुक यांचे पुत्र अमुक. शेवटच्या पानांवर कुवेत, दुबई, डॉक्टर, इंजिनीअर. लेखकाची तळमळ खरी असते, पण दोन गोष्टी जवळजवळ कधीच सापडत नाहीत. एक, घरातले भांडण. दुसरी, घरातली बाई. मी वर्गात मुलांना खानदानाचा तक्ता काढायला सांगतो, तेव्हा पणजोबांचे नाव पुष्कळ मुले लिहितात. पणजीच्या चौकोनात 'दादीअम्मा' किंवा कोरी जागा. मुलांना दोष कसा द्यायचा? छापलेल्या शजऱ्यातही तीच कोरी जागा आहे.

ही जागा भरणारे कागद कोर्टात आहेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. त्यामुळे आजोबांनी लढवलेला दावा घरात कोणी सांगत नाही. पण घराणे जिथे भांडते, तिथेच ते स्वतःबद्दल सर्वांत जास्त बोलते. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली वारस दाखल्यासाठी येणारे अर्ज पाहा. त्यात मृताचे सगळे वारस दाखवावे लागतात. मुली, विधवा, सर्व. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालील अर्जात अज्ञान मुलाची जन्मतारीख, धर्म, राहण्याचे ठिकाण, जवळचे नातेवाईक आणि मालमत्ता सांगावी लागते. मेहरच्या दाव्यात निकाहाचा करार येतो. १९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याने मुतवल्लींना वक्फ मिळकतीचा तपशील जिल्हा न्यायालयात सादर करायला लावला होता. यातला एकही कागद इतिहास म्हणून लिहिला गेलेला नाही, आणि म्हणूनच तो आपल्या उपयोगाचा आहे.

सर्वांत बोलके उदाहरण १८४७ चे आहे. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन घराण्यांतील वारसाहक्काचे दावे आले. हिरबाई विरुद्ध सोनाबाई हा एक, रहिमतबाईचा दुसरा. मुलींना कुराणाने सांगितलेला हिस्सा मिळावा, अशी मागणी होती. आमच्या जमातीत मुलींना हिस्सा देण्याची रूढी नाही, असा बचाव होता. न्यायालयाने रूढी मान्य केली. १९३७ च्या शरियत कायद्याने अशा रूढीला बाजूला सारले, म्हणजे ९० वर्षांनी. आणि त्या कायद्याच्या कलमातूनही शेतजमीन वगळली गेली. या बाया हरल्या. पण हरल्या तरी त्यांची नावे राहिली, कारण त्या कोर्टात गेल्या होत्या. घरी बसलेल्या किती बहिणींची नावे कुठेच राहिली नाहीत!

मात्र इथेच सावध राहिले पाहिजे. कोर्टाचा कागद म्हणजे सत्याचा आरसा नव्हे. तोही एक रचलेला मजकूर आहे. अर्ज वकिलाच्या भाषेत असतो. साक्षीदार विचारलेल्या प्रश्नापुरतेच बोलतो. त्याची कोकणी, दखनी किंवा गुजराती बोली भाषांतर होऊन कागदावर उतरते. दोन्ही बाजू फायद्याचे तेवढेच सांगतात. शिवाय कोर्ट नुसते नोंदवत नाही, घडवतेही. १८६६ च्या आगाखान खटल्यात न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी खोजा समाज धर्माने कोण, हे निकालात ठरवले. या खटल्यावर टीना पुरोहित यांचे २०१२ साली पुस्तक आले. अनेक परंपरा एकत्र नांदवणाऱ्या समाजाला कोर्टाच्या भाषेने एका चौकटीत कसे बसवले, हे त्यांनी दाखवले आहे. आपल्या आजोबांच्या दाव्यातील 'जात', 'रूढी', 'धंदा' हे रकाने वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

मग वाचायचे कसे? त्याचा चांगला नमुना म्हणजे नंदिनी चटर्जी यांचे २०२० चे पुस्तक. माळव्यातील धार येथील एका जमीनदार घराण्याचा इतिहास त्यांनी मोगल, मराठे आणि इंग्रज अशा तीन राजवटींतून उभा केला. त्या घराण्याची कागदपत्रे काही धारला, काही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, तर काही कुवेतच्या संग्रहात होती. चटर्जी एका कागदावर विसंबत नाहीत. हा कागद कोणी, कोणासाठी, कोणत्या गरजेपोटी करून घेतला, हा प्रश्न त्या प्रत्येक वेळी विचारतात. आपल्या पुस्तिकांमध्ये नेमका हाच प्रश्न नसतो. सनद मिळाली एवढे लिहिले जाते. ती कोणाशी वाद झाला म्हणून पुढे करावी लागली, हे लिहिले जात नाही.

भाषेचा बाऊ करण्याचे कारण नाही. दावा, वकील, फिर्याद, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, वारस, नक्कल हे शब्द उर्दू माध्यमातल्या मुलालाही समजावून सांगावे लागत नाहीत. अडचण मोडी लिपीची आहे, पण मोडी शिकता येते. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या मोडी कागदांची किंमत साऱ्या महाराष्ट्राला कळली.

मीरा-भाईंदरमध्ये २०२५ साली स्वतःचे न्यायालय सुरू झाले. जुने कागद मात्र ठाण्यालाच शोधावे लागतात. शिवाय इथले बहुतेक जण मुंबईतून, कोकणातून किंवा त्याहून लांबून आलेले. ज्याचे मूळ गाव आजच्या रायगडात आहे त्याने १९८१ पूर्वीच्या कागदांवर 'कुलाबा' हे नाव शोधावे, सिंधुदुर्गवाल्याने 'रत्नागिरी'. मुरुड-श्रीवर्धनकडच्यांनी लक्षात ठेवावे की १९४८ पर्यंत तिथे जंजिरा संस्थान होते. गाव, पक्षकाराचे नाव आणि अंदाजे साल हाती घेऊन रेकॉर्डमध्ये शोध आणि नकलेसाठी अर्ज करता येतो. ई-कोर्टच्या संकेतस्थळाचा उपयोग अलीकडच्या दाव्यांपुरता. आणि उशीर परवडणारा नाही, कारण मुदत संपलेले कागद नष्ट करण्याची तरतूद १९१७ च्या कायद्यातच आहे.

खरी अडचण मात्र ना मोडीची, ना नकलेच्या फीची. अडचण धैर्याची आहे. हे कागद उघडले की त्यांत बहिणीचे हक्कसोडपत्र निघू शकते. खाली शाईचा अंगठा. तो तिने राजीखुशीने दिला की भावाने धरून उमटवला, हे कागद सांगणार नाही. पण घरातली म्हातारी माणसे कदाचित सांगतील, विचारले तर. त्या अंगठ्यामुळे जी जमीन भावांकडे राहिली, तीच पुस्तिकेत 'वडिलोपार्जित वैभव' म्हणून येते. कुराणाने ठरवून दिलेला हिस्सा आपणच दिला नसेल, तर अरबस्तानाशी जोडलेल्या शजऱ्याचा अभिमान कशाच्या बळावर मिरवायचा?

घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. गलबताची कथा ठेवा, ती कोणी हिरावून घेत नाही. पण पुढची आवृत्ती छापण्यापूर्वी एकदा वारस दाखल्याची नक्कल काढा. त्यात मुलींची नावे असतील. ती भावांच्या नावांशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. आणि ज्यांचा हिस्सा अजून देता येण्यासारखा आहे त्यांचा आधी द्या. पुस्तक नंतर छापले तरी चालेल.